घरचे दुःख आणि समाजाचा प्रश्न



मोहल्ल्यातील एखादा मुलगा नववीतून शाळा सोडतो आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतो. ही गोष्ट आपणापैकी कोणालाच नवी नाही. तिच्याविषयी बोलणे निघाले की तीन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, पोराचे डोके अभ्यासात नव्हते. कोणी म्हणतो, आईबापांनी लक्ष दिले नाही. तिसरा म्हणतो, नशिबात होते तेवढेच शिक्षण झाले. तिन्ही मते बोलून होतात, चहा संपतो आणि विषयही संपतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरातला मुलगा त्याच वाटेने जातो आणि तीच मते पुन्हा ऐकू येतात.

या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ती सारी एकाच मुलाकडे व एकाच घराकडे पाहतात. समाजशास्त्र नावाचे जे शास्त्र आहे ते येथेच थांबून निराळे प्रश्न विचारते. असे किती मुलांच्या बाबतीत घडते? कोणत्या इयत्तेत घडते? कोणत्या वस्तीत अधिक घडते, आणि का? हे प्रश्न विचारायला माणूस कसा शिकला याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान तर आपल्या भोसरीपासून काही मैलांवरच लिहिले गेले आहे. त्याची ओळख करून घ्यावी आणि त्यातून आपल्या मुलांच्या शिक्षणासंबंधी काही बोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सामाजिक समस्या कशाला म्हणावे?

प्रत्येक दुःख ही सामाजिक समस्या नव्हे. घरात कोणी आजारी पडले, दोन भावांत वितुष्ट आले, एखाद्याचा धंदा बुडाला, तर ते त्या घरचे दुःख होय. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली हा भेद फार सोप्या उदाहरणाने मांडला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कसब आणि त्याला मिळणाऱ्या संधी यांचा विचार करावा. परंतु पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर एकेका माणसाचा स्वभाव तपासून काही हाती लागणार नाही. तेथे देशाच्या अर्थव्यवस्थेचीच घडी तपासली पाहिजे. पहिले व्यक्तीचे दुःख, दुसरा समाजाचा प्रश्न.

सामान्यतः समाजशास्त्रज्ञ एखाद्या परिस्थितीला सामाजिक समस्या म्हणताना चार गोष्टी पाहतात. ती पुष्कळ लोकांना भोवते काय? तिचे मूळ समाजाच्या रचनेत आहे काय? ती समाजाने मानलेल्या मूल्यांना बाध आणते काय? आणि लोकांनी एकत्र येऊन ती बदलता येण्याजोगी आहे काय? शेवटची अट महत्त्वाची आहे. भूकंप ही आपत्ती आहे. पण भूकंपात फक्त गरिबांचीच घरे पडत असतील तर ती घरे तशी का बांधली गेली, हा सामाजिक प्रश्न होतो.

येथे एक अडचण उभी राहते. परिस्थिती वाईट असूनही लोकांना ती वाईट वाटतच नसेल तर? रॉबर्ट मर्टन या विद्वानाने याचे उत्तर देताना प्रकट समस्या आणि सुप्त समस्या असे दोन भाग केले. ज्या समस्येची लोकांना जाणीव आहे ती प्रकट. जी हानी करीत असते पण कोणी तिला समस्या म्हणत नाही ती सुप्त. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पाहा. गिरण्या सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षे लहान मुले तेथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत. मालकाला त्यात वावगे वाटत नव्हते आणि आईबापांनाही घरात चार पैसे येत म्हणून बरेच वाटे. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला, तेव्हा सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली गेली. आज आपल्याला हा कायदासुद्धा क्रूर वाटतो. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० साली कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ झाले. मुले तीच होती, गिरण्याही त्याच होत्या. पण पूर्वी ज्याला रीत म्हणत त्याला लोक अन्याय म्हणू लागले.

म्हणून अलीकडचे अनेक समाजशास्त्रज्ञ असे म्हणतात की समस्या नुसती असून भागत नाही, कोणीतरी ती समस्या आहे असे ठामपणे सांगावे लागते. सांगणाऱ्याचा आवाज जितका दुबळा, तितकी त्याची समस्या सुप्त राहण्याचा संभव अधिक.

मोजणीचा इतिहास: लंडनपासून पिंपळे सौदागरपर्यंत

आता समस्या अभ्यासण्याच्या इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड हा जगातील सर्वांत श्रीमंत देश होता. गरीब माणूस गरीब असतो तो आळसाने आणि दारूने, अशी तेथील प्रतिष्ठितांची समजूत होती. चार्ल्स बूथ या व्यापाऱ्याने १८८६ च्या सुमारास स्वखर्चाने लंडन शहरातील रस्त्यारस्त्याची पाहणी सुरू केली. ती पुढे सतरा वर्षे चालली. शहरातील सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असा तिचा निष्कर्ष निघाला.

लंडन हे अफाट शहर, तेथे असे असेलच, असे कोणी म्हणू नये म्हणून सीबोम राउंट्री याने यॉर्क या मध्यम शहराची पाहणी केली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. त्याने प्रथम एक कसोटी ठरविली. अन्न, कपडा, भाडे आणि सरपण एवढ्यापुरता किमान खर्च किती, हे त्याने काढले आणि ज्या कुटुंबाची कमाई तेवढीही नाही त्याला प्राथमिक दारिद्र्यात धरले. मग अशा कुटुंबांच्या दारिद्र्याचे मुख्य कारण काय ते तपासले. निम्म्याहून अधिक प्रकरणांत कारण निघाले ते असे, की घरातला कर्ता माणूस नियमित कामाला जात होता, परंतु त्याची मजुरीच अपुरी होती. आळसाच्या सिद्धान्ताला हा मोठा तडाखा होता. भाषणांनी जे साधले नसते ते एका कोष्टकाने साधले.

हीच कसोटी घेऊन एक गृहस्थ आपल्या भागात आले. त्यांचे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडमधील रिजमाँट नावाच्या खेड्यात त्यांनी राउंट्रीच्या धर्तीवर पाहणी केली होती. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे ते प्राचार्य झाले. दख्खनचा शेतकरी कर्जात का बुडतो, याविषयी तेव्हा अधिकाऱ्यांत एकच उत्तर प्रचलित होते. तो लग्नात उधळतो, सावकाराच्या नादी लागतो, दूरदृष्टी नसते, असे ते उत्तर. मॅन यांनी ते गृहीत धरले नाही. त्यांनी पवनेच्या काठचे एक कोरडवाहू खेडे निवडले आणि सहकाऱ्यांसह त्याची शेताशेताने व घराघराने पाहणी केली. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा आहेत आणि त्यांत राहणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असेल की १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीमुळे त्यांच्या गावाचे नाव जगभरच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांत गेले.

मॅन यांना काय आढळले? जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखविले की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. वाटण्या होत होत १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७०० हून अधिक तुकडे झाले होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. मग त्यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च तपासला. केवळ जमिनीवर नीट निभाव लागणारी कुटुंबे निघाली ८. बाहेरच्या कामाची मजुरी जोडून कसेबसे भागणारी २८. आणि जमीन व मजुरी दोन्ही धरूनही ज्यांचे भागत नव्हते अशी ६७.

पालकहो, या तीन आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शंभरातील पाच-सहा घरे कर्जात असती, तर उधळेपणाचे स्पष्टीकरण पुरले असते. शंभरातील पासष्ट घरांचे भागत नसेल, तर पासष्ट घरे एकाच वेळी उधळी होतात यावर कोण विश्वास ठेवील? दोष माणसांच्या स्वभावात शोधण्याऐवजी जमिनीच्या तुकड्यांत, पावसाच्या लहरीत आणि दुसऱ्या उद्योगाच्या अभावात शोधावा लागला. घरचे दुःख समाजाचा प्रश्न कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या परिसरात दुसरे नाही.

या परंपरेची पुढची पायरीही पुण्यातच पडली. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली. तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. डॉ. इरावती कर्वे यांनी कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी जाई निंबकर यांच्यासह केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणाने वीज किती दिली याचा हिशेब सरकारकडे होताच. ज्यांची घरे गेली त्यांचे पुढे काय झाले, हा हिशेब या पाहणीने मांडला.

कारणे शोधण्याच्या तीन रीती

मोजल्यावर पुढचा प्रश्न येतो तो कारणांचा. समाजशास्त्रज्ञ मुख्यतः तीन दिशांनी विचार करतात. आपल्या भोसरीतील परिस्थितीवरून त्या समजून घेऊ.

पहिली दिशा अशी की समाज ही एकमेकांत गुंतलेली व्यवस्था आहे. तिचा एक भाग झपाट्याने बदलला आणि दुसरा मागे राहिला तर समस्या निर्माण होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीला १९५४ साली उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरीच्या शिवारात कारखान्यांचे गट आखले गेले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १७ लाखांवर गेली होती. मराठवाडा, सोलापूर, कोकण, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार असे चहूकडून लोक आले. यंत्र एका दिवसात बसविता येते, परंतु शाळा, घर, दवाखाना आणि शेजारधर्म एका दिवसात उभे राहत नाहीत. या विचारसरणीनुसार मधल्या अंतरातच समस्या वाढतात.

दुसरी दिशा विचारते की या व्यवस्थेत कोणाचा लाभ होतो आणि त्याची किंमत कोण देतो. प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना बोटे गेली, असे आपण ऐकतो. लगेच म्हटले जाते की मुलाचे लक्ष नव्हते. पण यंत्राला गार्ड होता काय, सेन्सर चालू होता की काम लवकर उरकावे म्हणून बंद केला होता, पाळी आठ तासांची होती की बारा, मुलगा ठेकेदाराकडचा होता की कायम, त्याला प्रेस चालविण्याचे शिक्षण दिले होते काय, हे प्रश्न विचारले की चित्र पालटते. कायद्यानेही हाच प्रवास केला आहे. पूर्वी जखमी कामगाराला भरपाई हवी असेल तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे, आणि ते गरिबाला जमत नसे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने हे तत्त्व आणले की काम करताना अपघात झाला की भरपाई द्यावयाची, मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रभागांना आवरण घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. अपघात हा एका माणसाचा निष्काळजीपणा न राहता उत्पादनाच्या खर्चातील एक बाब ठरला, आणि तो खर्च कोणी सोसावा याचा निवाडा झाला.

तिसरी दिशा माणसे एकमेकांना काय नाव देतात याकडे पाहते. एखाद्यावर शिक्का बसला की लोक त्याच्याशी त्या शिक्क्याप्रमाणे वागतात आणि हळूहळू तोही तसाच होतो. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली स्थापन झाली. तिची वास्तू आपल्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे, पुढे तिचे नाव बदलले आहे. या रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत ओळखता येतो. परंतु रोगी तपासणीला येण्याचे टाळतो, घर सोडतो, नोकरी लपवाछपवीने करतो, ते विषाणूमुळे नव्हे. लोक काय म्हणतील या भीतीने तो तसे करतो, आणि म्हणूनच २०१७ साली अशा रोग्यांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला. शाळेतही असेच होते. ही मुले शिकणारी नव्हेत, असे गुरुजींनी एकदा मनाशी ठरविले की त्या मुलांना प्रश्न विचारले जात नाहीत, मागच्या बाकावर बसविले जाते, आणि वर्षअखेर गुरुजींचे म्हणणे खरे ठरते.

या तिन्ही रीतींपैकी एकच खरी आणि बाकी खोट्या असे समजू नये. एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू त्या उजेडात आणतात.

आता आपला प्रश्न

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आपल्या समाजाच्या शिक्षणाच्या प्रश्नाकडे पाहू. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. त्याच आयोगापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. गरीब शेतकऱ्याचे मूल शाळेत येत नाही, कारण त्याला गुरे राखावी लागतात व शेतावर राबावे लागते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. कारण परिस्थितीत शोधावयाचे आणि उपाय व्यवस्थेत करावयाचा, ही समाजशास्त्रज्ञाची दृष्टी त्यात पुरेपूर आहे. त्याच निवेदनात मुसलमान या शाळांपासून दूर राहतात आणि त्यांना मराठी किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही, असाही उल्लेख आहे. आज आपण त्याच्या पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत. आवड नव्हती, की घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत अंतर होते? शाळा वस्तीत होती काय? शिकून नोकरी मिळेल असा भरवसा होता काय?

हे प्रश्न देशव्यापी प्रमाणावर मोजून पाहिले गेले ते फार उशिरा. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातील दोन-तीन गोष्टी प्रत्येक पालकाने जाणून घ्याव्यात. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के, तर मुसलमानांची सुमारे ५९ टक्के होती. सहा ते चौदा वयाच्या मुस्लीम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलेलाच नव्हता किंवा शाळा सोडून बसला होता. मुस्लीम मुले मदरशात जातात म्हणून मागे राहतात, हा समज तर फारच पसरला होता. समितीने मोजले तेव्हा शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात जाणारी निघाली सुमारे ३ टक्के. मुस्लीम पालकांना आधुनिक शिक्षण नकोच असते, हे म्हणणेही समितीने मान्य केले नाही. पिंपळे सौदागरच्या उधळ्या शेतकऱ्याची कथा जशी कोष्टकापुढे टिकली नाही, तशीच ही कथाही टिकली नाही.

आपल्या महाराष्ट्राचा आकडा आणखी विचार करायला लावतो. २००१ साली राज्याची एकूण साक्षरता सुमारे ७७ टक्के होती आणि राज्यातील मुसलमानांची सुमारे ७८ टक्के. म्हणजे अक्षरओळखीत आपण मागे नव्हतो. आपली मुले शाळेचा उंबरठा ओलांडतात. खरी गळती पुढच्या इयत्तांत आणि कॉलेजच्या वाटेवर होते. समस्या नेमकी कोठे आहे हे कळले नाही तर उपायही चुकीच्या जागी होतो. साक्षरतेचे वर्ग काढून नववीची गळती थांबणार नाही.

नववीलाच का, याचाही विचार करा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वयाला, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. खाजगी शाळेत या कायद्याच्या राखीव जागेवर शिकलेल्या मुलाचा तो हक्क आठवीनंतर संपतो आणि फीचा प्रश्न उभा राहतो. जेथे उर्दू माध्यमाची शाळा सातवी-आठवीलाच संपते, तेथे मुलाला एकदम दुसऱ्या माध्यमात उडी घ्यावी लागते. मुलगी असेल तर दूरच्या शाळेचा रस्ता, बस आणि संध्याकाळची वेळ हे प्रश्न येतात. आणि नेमके याच वयात वर्कशॉपचे दार मुलासाठी किलकिले होते. चार गोष्टी एकाच वर्षी एकत्र येतात, आणि आपण मात्र म्हणतो की पोराचे डोके चालले नाही.

मुलाची किंवा पालकांची काहीच जबाबदारी नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याच वस्तीत, तेवढ्याच कमाईत मुलांना शिकविणारे आईबाप आहेतच. परंतु चढण इतकी उभी ठेवावी की दमदारच वर पोहोचावा, आणि मग बाकीच्यांना दुबळे म्हणावे, हा न्याय नव्हे.

प्रश्न मान्य झाला म्हणजे सुटला काय?

हर्बर्ट ब्लूमर या समाजशास्त्रज्ञाने १९७१ साली सामाजिक समस्येच्या पाच अवस्था सांगितल्या. समस्या प्रथम उद्‌भवते, मग तिला मान्यता मिळते, मग हालचाल सुरू होते, मग सरकारी योजना आखली जाते, आणि शेवटी योजनेची अंमलबजावणी होते. कोणत्याही पायरीवर समस्या गळून पडू शकते, हे त्याचे म्हणणे आपण अनुभवले आहे. महाराष्ट्र सरकारने २००८ साली डॉ. महमूदुर रहमान यांची समिती नेमली. २०१३ साली तिचा अहवाल आला. २०१४ साली मुसलमानांतील मागास गटांना शिक्षणात व नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील भाग स्थगित केला, शिक्षणातील भाग राहू दिला. पण वटहुकुमाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो व्यपगत झाला. तीन पायऱ्या चढून चौथीवर प्रश्न अडकला. म्हणून समिती नेमली की काम झाले, या समजुतीत राहणे धोक्याचे आहे.

आपण काय करू शकतो?

आता विद्यार्थी मित्रांना व शिक्षणसंस्थेच्या हितचिंतकांना एक विनंती. मोठे सर्वेक्षण मोठ्या संस्था करतील. आपल्या मोहल्ल्याची नोंद मात्र आपल्यालाच ठेवता येईल. एक वही घ्यावी. गेल्या पाच वर्षांत आठवीत असलेली मुले-मुली कोण, त्यांपैकी कोण दहावीला बसले, कोण थांबले, कोणत्या महिन्यात थांबले, आज काय करतात, हे लिहावे. थांबण्याचे कारण मुलाच्या व पालकाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावे. आपले मत त्यात घालू नये.

या कामात तीन पथ्ये पाळावीत. पहिले, जी मुले शिकत राहिली त्यांचीही नोंद तितक्याच काळजीने करावी. नुसती शाळा सोडलेली मुले पाहिली तर त्यांच्या घरी गरिबी दिसेल. पण टिकलेल्यांच्या घरीही तेवढीच गरिबी असेल, तर फरक कशाने पडला हे तुलनेशिवाय कळणार नाही. कदाचित मोठी बहीण शिकलेली असेल, कदाचित एखाद्या शिक्षकाने दोनदा घरी येऊन विचारपूस केली असेल. दुसरे, एक-दोन ठळक उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये. मोजून झाल्यावरच बोलावे. तिसरे, घराघरातली माहिती विश्वासाने दिलेली असते. नावे कोठेही जाहीर करू नयेत. आकडे सांगावेत, माणसे उघडी पाडू नयेत.

अशा वहीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. समजा, निम्मी मुले आठवीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत थांबली असे निघाले, तर एप्रिलमध्येच त्या घरी जाऊन नववीचा प्रवेश करून देता येईल. अनेक मुली केवळ दूर अंतरामुळे थांबल्या असे निघाले, तर त्यांना एकत्र नेण्या-आणण्याची सोय करता येईल किंवा महानगरपालिकेकडे जवळच्या माध्यमिक वर्गाची मागणी करता येईल. नुसत्या तक्रारीला अधिकारी उत्तर देतो की असे काही नाही. वहीतील आकड्यांपुढे तसे उत्तर देणे त्याला कठीण जाते. आणि गणितात नापास होणे हेच मुख्य कारण निघाले, तर दोष दुसऱ्यावर ढकलण्यापेक्षा संध्याकाळचा वर्ग आपणच सुरू करावा हे बरे.

पालकहो, मूल शाळा सोडते तेव्हा घरात एक मूक शरम येते. बाप विषय काढत नाही, आई नातेवाइकांपुढे काहीतरी सांगून वेळ मारून नेते, आणि मुलगा स्वतःलाच नालायक समजू लागतो. शंभर घरांत ही शरम वेगवेगळी, दाराआड सोसली जाते, म्हणून ती शंभर घरचे दुःख राहते. ती दारे उघडून एका वहीत एकत्र आली, तर तिला समाजाचा प्रश्न म्हणता येईल आणि त्याचे उत्तर मागता येईल. पिंपळे सौदागरच्या १०३ घरांचा हिशेब एका परक्या माणसाने येऊन मांडला. आपल्या घरांचा हिशेब मांडण्यासाठी आज परक्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण लिहिणारे हात आता आपल्याच घरात आहेत.